शनिवार, दुपारचे तीन: लंडनमध्ये फुटबॉल पाहण्यासाठी चांगला पब कसा शोधावा, याचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/
शनिवारी दुपारी तीन वाजता लंडनमध्ये प्रीमियर लीगचा सामना सुरू होतो, तेव्हा पुण्यात हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. पुण्यातील विद्यार्थी तो सामना आपल्या खोलीत बसून थेट पाहू शकतो. मैदानापासून शंभर पावलांवरच्या पबमध्ये बसलेला लंडनकर मात्र कायदेशीर मार्गाने तो पाहू शकत नाही.

२/
हा विनोद नव्हे, साठ वर्षांहून जुना नियम आहे. लंडनमध्ये शिकायला वा नोकरीला गेलेला प्रत्येक फुटबॉलवेडा पहिल्या आठवड्यात विचारतो, 'सामना पाहायला चांगला पब कुठला?' प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरात कामगारांची अर्धी सुट्टी, पहिले महायुद्ध, स्टेडियममधील एक भीषण दुर्घटना, दूरचित्रवाणीचा पैसा आणि न्यायालयाचे निकाल दडलेले आहेत. आजचा थ्रेड त्या उत्तराविषयी.

३/
आधी शब्द समजून घेऊ. 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे लघुरूप, म्हणजे सर्वांसाठी उघडे असलेले घर. आपल्याकडे 'पब' म्हटले की महागडे संगीत आणि मंद दिवे डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमधील मोहल्ल्याचा पब त्याहून फार वेगळा. गावच्या पाराची आणि चावडीची आठवण व्हावी अशी ती जागा. तिथे बिअर मिळते हे खरे, पण लोक जातात ते मुख्यतः एकमेकांसाठी.

४/
आधुनिक फुटबॉलचा जन्मच अशा जागी झाला. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या आणि खेळाचे नियम ठरले. प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची मुभा असावी की नसावी, यावरून तिथेच वाद पेटला. ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला आणि पुढे रग्बीच्या वाटेने गेला.

५/
क्लबांच्या जन्मकथांतही पब वारंवार भेटतो. १८८६ मध्ये शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढलेल्या संघाची, म्हणजे आजच्या आर्सेनलची, कथा वूलिचच्या रॉयल ओक पबमधील बैठकीशी जोडली जाते. चेल्सी क्लब १० मार्च १९०५ रोजी फुलहॅम रोडवरील रायझिंग सन या पबमध्ये स्थापन झाला. ती वास्तू आजही स्टेडियमसमोर उभी आहे. फक्त नाव बदलून 'बुचर्स हुक' झाले आहे.

६/
टॉटनहॅमची गोष्ट अधिक बोलकी आहे. १८९९ मध्ये हा क्लब ज्या जागेवर आला ती चॅरिंग्टन या बिअर कंपनीच्या मालकीची होती आणि व्हाइट हार्ट पबच्या मागे होती. कंपनीच्या मनात तिथे घरे बांधायची होती. पण फुटबॉलच्या गर्दीने गल्ला कसा भरतो हे पबचालकाला ठाऊक होते. मैदान झाले तर बिअर खपेल, हा त्यामागचा सरळ हिशेब. इंग्लंडमध्ये पब आणि मैदान एकमेकांच्या आधाराने वाढले ते असे.

७/
कोल्हापूरच्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे आधी तालमींची आणि मग संघांची. शाहू स्टेडियमवर संघाबरोबर अख्खी पेठ उतरते. माणसे जिथे रोज जमतात तिथूनच संघ उभे राहतात, मग ती तालीम असो वा पब. लाल माती आणि बिअर यांत साम्य काही नाही, पण आपलेपणाची रीत तीच.

८/
आता घड्याळाकडे वळू. सामना शनिवारी तीनलाच का? १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि तरुण कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले आणि व्यवहारात गिरणीच थांबू लागली. पुढच्या काही दशकांत शनिवारची अर्धी सुट्टी इतर धंद्यांत पसरली. कामावरून सुटावे, पबमध्ये डोकावावे, मैदान गाठावे आणि अंधार पडण्यापूर्वी सामना संपावा, या सगळ्यांत बसणारी वेळ म्हणजे तीन. ती कामगारांच्या भोंग्याने ठरवली.

९/
मग महायुद्ध आले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील उत्पादन मद्यपानामुळे घटते, अशी सरकारची धारणा झाली. १९१५ मध्ये नियंत्रण मंडळ नेमले गेले आणि पबच्या वेळांवर बंधने आली. दुपारी काही तास पब बंद ठेवणे सक्तीचे झाले. युद्ध १९१८ मध्ये संपले, बंधन मात्र टिकले. १९२१ च्या कायद्याने दुपारची ही टाळेबंदी कायमची केली.

१०/
याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सामना तीनला सुरू होई आणि साधारण त्याच सुमारास पबला कुलूप लागे. सामना संपून लोक परतत तेव्हा ते पुन्हा उघडे. सुमारे सत्तर वर्षे लंडनचा पब सामन्याच्या आधीचा होता आणि नंतरचा होता, पण सामन्याच्या वेळेचा नव्हता. पबमध्ये बसून फुटबॉल पाहणे ही 'प्राचीन इंग्रज परंपरा' आहे असे कुणी सांगितले, तर त्याला हे घड्याळ दाखवावे.

११/
तोवर प्रक्षेपणाचे तंत्र पुढे गेले होते. २२ जानेवारी १९२७ रोजी आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचे बीबीसीने रेडिओवर धावते वर्णन केले. श्रोत्यांच्या सोयीसाठी मैदानाचे आठ चौकोनांत विभागलेले चित्र 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापले होते. सप्टेंबर १९३७ मध्ये आर्सेनलचा एक सराव सामना दूरचित्रवाणीवर दिसला आणि ३० एप्रिल १९३८ रोजी एफए कपचा अंतिम सामना संपूर्ण दाखवला गेला.

१२/
पण दूरचित्रवाणी म्हणजे क्लबांना घरात शिरलेला चोर वाटत होती. लोक घरी सामना पाहतील तर तिकीट कोण काढील? १० सप्टेंबर १९६० रोजी आयटीव्हीने ब्लॅकपूल आणि बोल्टन यांच्यातील लीगचा सामना थेट दाखवला. पुढच्या सामन्यांना मोठ्या क्लबांनी नकार दिल्यावर तो प्रयोग तिथेच आटोपला. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसायला १९८३ उजाडले.

१३/
या भीतीचे सर्वांत ठाम प्रवक्ते होते बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड. शनिवारी दुपारी मोठ्या संघाचा सामना पडद्यावर दिसला तर छोट्या गावच्या क्लबचे मैदान ओस पडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. इतर क्लबांना तो पटला. त्यातूनच आजचा नियम आला: शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण नाही. पहिल्या पोस्टमधील कोड्याचे उत्तर हे आहे.

१४/
म्हणून शनिवारी तीन वाजता लंडनच्या पबमध्ये एक मौजेचे दृश्य दिसते. पडद्यावर सामना नसतो. माजी खेळाडू स्टुडिओत बसून आपल्यापुढच्या पडद्यांवर सामने पाहतात आणि काय घडले ते ओरडून सांगतात. पबमधली माणसे सामना पाहणाऱ्यांना पाहतात. स्काय वाहिनीचा हा कार्यक्रम कमालीचा लोकप्रिय आहे. मनाई असतानाही माणसे एकत्र जमायचे सोडत नाहीत, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

१५/
ऐंशीच्या दशकाकडे येऊ, कारण सगळे सांधे तिथे बदलले. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसते अशा जागी सामन्याच्या वेळी मद्य बाळगण्यास मनाई केली. मग २२ ऑगस्ट १९८८ पासून इंग्लंडमधील पबना सोमवार ते शनिवार दुपारीही उघडे राहण्याची मुभा मिळाली. तीन वर्षांच्या अंतराने दोन कायदे आले. सामना पाहताना हातात ग्लास धरणे मैदानात गुन्हा ठरले आणि पबमध्ये ते पहिल्यांदाच दिवसभर शक्य झाले.

१६/
१५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील उपांत्य सामना. उभ्याने पाहण्याच्या, लोखंडी कुंपणाने बंदिस्त सज्जात चेंगराचेंगरी झाली आणि तिच्यामुळे लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचा जीव गेला. दोष प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. त्यांच्या आप्तांनी पुढची सत्तावीस वर्षे लढा दिला. २०१६ मध्ये चौकशीतील ज्यूरीने निर्णय दिला की मृत्यू बेकायदा होते आणि पाठीराख्यांचा दोष नव्हता.

१७/
न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालानंतर वरच्या श्रेणींतील मैदानांवर प्रत्येकाला आसन देणे बंधनकारक झाले. मुदत होती १९९४. हे आवश्यक होते यात शंका नाही. पण उभे राहण्याचे सज्जे गेले, जागा कमी झाल्या आणि तिकिटांचे दर चढले. दर वाढवण्यासाठी हा बदल सबब ठरू नये, असे टेलर यांचे मत होते. क्लबांनी अहवालातील आसने घेतली, हे मत घेतले नाही.

१८/
माझे म्हणणे इथे स्पष्ट मांडतो. आज आपण ज्याला 'सामना पाहण्याचा पब' म्हणतो, तो या विस्थापनातून जन्मला. ज्याला तिकीट परवडेना, ज्याला मित्रांच्या घोळक्यात उभे राहून गायचे होते, तो माणूस नव्वदच्या दशकात पबमध्ये आला. मैदानातून हद्दपार झालेला उभा सज्जा पबच्या चार भिंतींत पुन्हा मांडला गेला. पब हा त्याच्यासाठी मैदानाचा उरलेला तुकडा होता.

१९/
योगायोगाने, किंवा व्यापाराच्या नेमक्या अंदाजाने, त्याच वेळी पडदाही आला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि थेट सामन्यांचे हक्क स्कायने घेतले. हंगामात ६० सामने, आणि ते पाहायला घरावर तबकडी व दरमहा वर्गणी. अनेक कुटुंबांना हे परवडणारे नव्हते. पबने एक तबकडी लावली आणि शंभर जणांची सोय झाली. आपल्याकडे टीव्हीच्या दुकानाबाहेर क्रिकेटसाठी जमणारी गर्दी आठवा. तर्क तोच.

२०/
यातही गंमत आहे. स्कायचा पहिला सामना १६ ऑगस्ट १९९२ रोजी, रविवारी चार वाजता झाला. नॉटिंगहॅम फॉरेस्टने लिव्हरपूलला १-० असे हरवले. पण १९८८ च्या सवलतीत रविवार नव्हता. रविवारी तीन ते सात पबमध्ये मद्यविक्री, जेवणाबरोबरचा अपवाद सोडला तर, बंदच असे. हे बंधन ऑगस्ट १९९५ मध्ये उठले. रविवारचा फुटबॉल आणि रविवारची बिअर यांची भेट घडवायला संसदेला तीन वर्षे लागली.

२१/
२००२ च्या विश्वचषकाने घड्याळ आणखी वाकवले. सामने जपान आणि कोरियात. इंग्लंड-ब्राझील उपउपांत्य सामना इंग्लंडच्या घड्याळात सकाळी साडेसातला होता. इतक्या लवकर पब उघडायचा तर 'विशेष प्रसंगा'चा परवाना हवा. विश्वचषकातील सामना असा प्रसंग ठरू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पहाटे न्याहारीसह बिअर घेऊन बसलेला लंडनकर हा त्या निकालाचा लाभार्थी होता.

२२/
आता हा 'सर्वांसाठी उघडा' पब खरोखर किती जणांसाठी उघडा होता, हेही विचारायला हवे. पबमध्ये वर्णावरून प्रवेश नाकारणे बेकायदा ठरवणारा ब्रिटनमधील पहिला कायदा १९६५ चा. त्यापूर्वी भारतीय आणि कॅरिबियन स्थलांतरितांना दारातून परत पाठवले तरी दाद मागायला जागा नव्हती. नंतर साउथॉलमध्ये पंजाबी मंडळींचे स्वतःचे पब उभे राहिले. तिथला ग्लासी जंक्शन तर भारतीय रुपये स्वीकारणारा पब म्हणून गाजला. २०१२ मध्ये तो बंद झाला.

२३/
स्त्रियांची वाट तितकीच लांब. फ्लीट स्ट्रीटवरील एल व्हिनो या मद्यालयात स्त्रियांना बारपाशी उभे राहून पेय मिळत नसे. टेस गिल आणि ॲना कूट यांनी खटला लढवला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये अपील न्यायालयाने ही रीत बेकायदा ठरवली. मैदानावरही तसेच. १९२१ मध्ये फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली. ती उठायला सुमारे पन्नास वर्षे गेली.

२४/
म्हणून २० ऑगस्ट २०२३ ची सकाळ लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्त्रियांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड-स्पेन, लंडनच्या घड्याळात रविवारी सकाळी अकराला. पब लवकर उघडता यावेत म्हणून सरकारने स्थानिक परिषदांना परवान्यांचे अर्ज तातडीने निकाली काढण्यास सांगितले. ज्या संस्थेने कधी मैदान नाकारले तिचाच संघ, आणि ज्या जागी स्त्रीला कधी उभे राहता येत नव्हते तीच जागा. इंग्लंड ०-१ हरले.

२५/
पडद्याच्या पैशाकडे पुन्हा येऊ. पबला घरगुती वर्गणीवर सामना दाखवता येत नाही, व्यावसायिक वर्गणी लागते. स्कायची ही वर्गणी पबच्या करपात्र मूल्यानुसार ठरते. वर्गणी कायदेशीर असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या पाइंटचे छोटे चिन्ह उमटते. तपासनीस दारातून डोकावून ते पाहतो. पुढच्या वेळी लंडनच्या पबमधील छायाचित्र पाहिलेत तर ते चिन्ह शोधा.

२६/
पोर्ट्समथमधील पबचालिका कॅरन मर्फी यांना ही वर्गणी परवडेना. त्यांनी ग्रीक वाहिनीचे कितीतरी स्वस्त कार्ड आणून सामने दाखवले. त्यांना दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल आला: दुसऱ्या सदस्य देशातून कार्ड घेण्यावर बंदी घालता येणार नाही. २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. एका छोट्या पबने प्रीमियर लीगला हरवले, असे मथळे झळकले.

२७/
विजय मात्र अर्धाच होता. त्याच निकालात म्हटले होते की सामना ही कुणाची 'कलाकृती' नव्हे, पण प्रक्षेपणातील लीगचे गीत आणि चित्राकृती यांवर स्वामित्वहक्क आहे आणि त्या पबमध्ये दाखवायला परवानगी लागते. चेंडू फुकट, पण कोपऱ्यातले बोधचिन्ह विकत! परदेशी कार्डांचा मार्ग व्यवहारात पुन्हा अरुंद झाला.

२८/
दरम्यान पबच कमी होत गेले. २००१ मध्ये लंडनमध्ये सुमारे ४,८०० पब होते, २०१६ मध्ये सुमारे ३,६००. पंधरा वर्षांत एक चतुर्थांश गेले. वाढते कर आणि भाडे, दुकानातील स्वस्त बिअर, आणि पबपेक्षा सदनिकांना मिळणारी किंमत ही त्याची कारणे. जो छोटा पब भाड्याशी झुंजतो तो पहिली काटछाट पडद्याच्या वर्गणीत करतो. मग गर्दी जाते, आणि गर्दीपाठोपाठ पबही.

२९/
कधी मैदानच उठून जाते. वेस्ट हॅमने मे २०१६ मध्ये अप्टन पार्कचे मैदान सोडले आणि ऑलिंपिक स्टेडियम गाठले. जुन्या मैदानाच्या कोपऱ्यावर बोलिन टॅव्हर्न हा पब आहे. शतकभर सामन्याच्या दिवशी तो ओसंडून वाहत असे. क्लब गेल्यावर गर्दी आटली, पब बंद पडला आणि जीर्णोद्धारानंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडला. मैदानाच्या जागी आता घरे आहेत. पब मात्र उभा आहे.

३०/
आणि शेवटचा उपरोध. २०२०-२१ च्या हंगामात महामारीमुळे प्रेक्षागृहे रिकामी होती, म्हणून शनिवारचा मनाईनियम स्थगित झाला आणि प्रीमियर लीगचा प्रत्येक सामना ब्रिटनमध्ये थेट दिसला. बॉब लॉर्ड यांच्या काळापासून न घडलेली गोष्ट. पण त्याच हंगामात लंडनचे पब कित्येक महिने बंद होते. सगळे सामने दिसत होते आणि एकत्र बसून पाहायला जागा नव्हती. काय महत्त्वाचे, हे त्या वर्षी अनेकांना उमगले.

३१/
आता मूळ प्रश्नाचे उत्तर. चांगला पब कसा शोधावा? पहिली कसोटी घड्याळ. सामना शनिवारी तीनचा असेल तर पडद्यासाठी पब शोधू नका. त्या वेळी कुठे दिसलाच तर तो चोरीचा प्रवाह समजावा. शनिवारचा साडेबारा वा साडेपाचचा, रविवारचा किंवा सोमवार रात्रीचा सामना निवडा. लीगच्या ३८० पैकी २६० हून अधिक सामने आता ब्रिटनमध्ये थेट दिसतात. पण ते दोन कंपन्यांत विभागले आहेत. त्यामुळे पबमध्ये दोन्हींची वर्गणी आहे का, हे विचारून घ्यावे.

३२/
दुसरी कसोटी भूगोल. मैदानाजवळचा पब हा त्या क्लबचा प्रदेश. फिन्सबरी पार्कच्या परिसरात आर्सेनलची वस्ती, फुलहॅम रोडवर चेल्सीची. सामन्याच्या दिवशी अनेक दारांवर 'फक्त यजमान पाठीराखे' अशी पाटी असते. तिचा मान राखावा. आपला संघ लंडनचा नसेल, किंवा कोणत्याच बाजूची निष्ठा नसेल, तर वेस्ट केन्सिंग्टनमधील फेमस थ्री किंग्जसारखा अनेक पडद्यांचा पब बरा.

३३/
तिसरी कसोटी आवाज. पडदे किती हे मोजू नका, सामन्याचा आवाज चालू असतो की त्यावर गाणी वाजतात ते पाहा. आवाज चालू असेल तर पबने सामन्याला पाहुणा मानले आहे. गाणी वाजत असतील तर सामना हे भिंतीवरचे चित्र आहे.

३४/
चौथी कसोटी माणसे. सामन्याच्या तासभर आधी जावे. पबचालक येणाऱ्यांना नावाने ओळखतो का? एकटी स्त्री निर्धास्त बसली आहे का? म्हाताऱ्यांची ठरलेली खुर्ची आहे का? वेगळ्या रंगाचा माणूस आत आला तर माना वळतात का? इतिहासाने या जागेला 'सर्वांसाठी उघडे घर' हे नाव दिले. ते नाव ती किती सार्थ करते, हे या चार प्रश्नांत कळते.

३५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्टेडियमचे नकाशे आणि क्लबांची इतिवृत्ते मिळतात. पाहणाऱ्यांच्या जागांची नोंद मात्र क्वचितच राहते. पब बंद होतो, पाटी उतरते आणि तिथे कोण कुणाच्या खांद्यावर हात टाकून रडले, ते कुठल्याच दप्तरात सापडत नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या गावी लोक सामना एकत्र कुठे पाहत होते? तालीम, इराण्याचे हॉटेल, पंचायतीचा टीव्ही, कुणाची ओसरी? घरातील थोरांना विचारा आणि जागेच्या नावासह, सालासह लिहून ठेवा. आज हे साधे वाटेल. पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाच्या हाती तेवढेच असेल.